जाम झालेला नट कसा सोडवावा?



बॉयलर अग्निप्रदीपनाचं आमंत्रण घरी पोचतं आणि मगच पुष्कळांना गोठ्यामागं उभ्या केलेल्या ट्रॉलीची आठवण होते. मार्च-एप्रिलमध्ये शेवटची खेप टाकून ती लावलेली असते. पुढं सगळा पावसाळा ती जागची हलत नाही. चाकाला चिखल तसाच, चिखलात उसाचा रस आणि पाचटाचा कचरा तसाच. मावळ, मुळशी आणि खेडचा पाऊस कसा असतो हे आम्ही आपल्याला सांगायला नको. मग बेअरिंगला ग्रीस भरायचं म्हणून चाक खोलायला जावं तर नट हलत नाही. पाना घसरतो, पाईप वाकतो, बोटं सोलतात, आणि शेवटी कोणीतरी म्हणतं, "गॅस आणा रे."

या "गॅस आणा"पायी दोन वर्षांपूर्वी आमच्या वाहन विभागाच्या आवारात जे होता होता राहिलं, ते आधी सांगतो. म्हणजे हा लेख कशासाठी लिहिला ते कळेल.

चाकणकडच्या एका सभासदांची ट्रॉली तपासणीला आली होती. ट्रॉली गावातच बांधलेली, अ‍ॅक्सल भंगारातून आणलेला, कुठल्यातरी जुन्या ट्रकचा. डाव्या चाकाचे नट सुटेनात. सभासदांचा मुलगा अंगानं धट्टाकट्टा. त्यानं टॉमीला पाच फुटी पाईप लावला आणि त्यावर उभा राहून उड्या मारायला लागला. कट्ट! एक स्टड तुटला. थोड्या वेळानं दुसरा. तिसरा काही केल्या हलेना, तेव्हा पोरानं शेजारच्या शेडमधली गॅसची नळी ओढून आणली, ज्योत पेटवली आणि नटावर धरली. टायर हवेनं भरलेला होता.

आमच्याकडे हंगामात एक म्हातारे फिटर येतात. पिंपरीला ट्रकच्या कामात त्यांचं आयुष्य गेलं. सगळे त्यांना मामा म्हणतात. ते चहा पीत बसले होते. कप तसाच टाकून ते ओरडले, "अरे, आधी ती नळी बंद कर!" आणि पोरगा काही बोलायच्या आत त्यांनी जाऊन सिलिंडरचा व्हॉल्व्ह फिरवला. मग सगळ्यांना चाकापासून लांब नेलं आणि तासभर कोणाला जवळ फिरकू दिलं नाही. पोरगा चिडला होता. मामा त्याला म्हणाले, "बाळा, राग मागनं कर. तुझा बाप तिथं चाकापुढंच उभा होता."

तासाभरानं त्यांनी चिंधीनं स्टडचं टोक पुसलं. गंजाखालून 'एल' हे इंग्रजी अक्षर दिसलं. "हे उलट्या आट्याचं आहे," मामा म्हणाले. "सकाळपासून तू नट सोडवत नाहीयेस, घट्ट करतोयस."

आता यातल्या दोन्ही गोष्टी नीट समजून घेऊ. आधी टायरची, कारण तिथं जीव जातो.

चाक गाडीला असताना नट तापवला की उष्णता नटापाशी थांबत नाही. ती रिममधून टायरच्या कडेपर्यंत जाते. आतलं रबर तापलं की ते नुसतं मऊ होत नाही, ते विघटित होऊ लागतं आणि त्यातून पेट घेणारे वायू निघतात. टायरच्या आत हवा असतेच. म्हणजे बंद भांड्यात वायू, हवा आणि उष्णता असं सगळं एकत्र आलं. टायर फुटतो तो हवा जास्त भरल्यासारखा नाही, बाँबसारखा फुटतो. आणि हे ज्योत विझवल्यावर काही वेळानं, कधी कधी बऱ्याच वेळानंही होऊ शकतं. म्हणून मामांनी माणसं लांब नेली. जुन्या ट्रकच्या रिंगवाल्या रिमला तर लोखंडी रिंग वेगळी बसवलेली असते, ती सुटली तर कुऱ्हाडीसारखी उडते.

पुष्कळ जण म्हणतात, हवा सोडली की झालं. नाही झालं. व्हॉल्व्हची पिन काढली तरी ते भोक एवढंसं असतं, आत तयार होणारा दाब त्यातून वेळेत निघून जाईल याची खात्री नाही. म्हणून आमच्या आवारात आता नियम केला आहे. टायर चढवलेल्या रिमवर गॅस नाही, वेल्डिंग नाही. टायर आधी उतरवायचा. टायर उतरवायला चाक निघायला हवं आणि चाक निघत नसेल तर नट कापायचा, तापवायचा नाही. कापायचा कसा ते पुढं येईल.

दुसरी गोष्ट उलट्या आट्याची. गाडी पुढं चालताना चाकाच्या फिरण्यानं डाव्या बाजूचे नट सैल होतील, या समजुतीनं जुन्या काळी कित्येक गाड्यांना डाव्या बाजूला उलटे आटे देत. अमेरिकन विलीस घाटणीच्या जुन्या जीपांना ते आहेत, ब्रिटिश घाटणीच्या अनेक जुन्या ट्रकांनाही आहेत. आपल्याकडच्या ट्रॉल्यांना अशाच ट्रकांचे अ‍ॅक्सल लागलेले असतात आणि कोणता अ‍ॅक्सल कुठून आला हे मालकालाही ठाऊक नसतं. उलट्या आट्याचा नट घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवला की सुटतो. स्टडच्या टोकावर बहुतेक वेळा 'एल' कोरलेला असतो. अक्षर दिसत नसेल तर नटाबाहेर आलेल्या आट्यांचा उतार बघावा, उजव्या चाकाशी ताडून पाहिला की फरक लगेच कळतो. पाना लावायच्या आधी तारेच्या ब्रशनं टोक साफ करायला दोन मिनिटं लागतात. ती न दिल्यानं त्या सभासदांचे दोन स्टड गेले.

तसंच, नट खरोखर जाम आहे की कोणीतरी त्याला कुलूप लावलेलं आहे, हेही आधी पाहावं. हबच्या मधल्या नटात स्प्लिट पिन असते. काही ठिकाणी वायसरची जीभ नटावर वळवलेली असते, काही ठिकाणी एकावर एक दोन नट असतात. गंज आणि ग्रीसच्या थराखाली हे दिसत नाही. चेतक स्कूटरच्या मागच्या ड्रमचा नट पिन न काढता सोडवायला निघालेले बहाद्दर आम्ही पाहिले आहेत. (त्यातला एक आमच्यापैकीच होता, नाव सांगत नाही.)

नट जाम होतो तो का? लोखंडाचा गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, दुपटीहूनही जास्त. नट आणि बोल्टच्या आट्यांमध्ये केसाएवढी फट असते. तिथं पाणी शिरलं, गंज धरला, की ती फट गंजानं ठासून भरते आणि दोन्ही बाजूंनी दाबते. म्हणजे नट कोणी बाहेरून आवळला नसतानाही आतून आवळला जातो. उसाचा रस आंबट असतो आणि चिखलाला चिकटून ओल धरून ठेवतो, म्हणून ट्रॉलीचे नट बाकीच्या गाड्यांपेक्षा लवकर धरतात असं आम्हाला वाटतं.

हे कळलं की पुढचं आपोआप कळतं. जाम नटावर जोर लावणं म्हणजे भरलेल्या फटीत लोखंड लोखंडावर घासणं. साठ किलोचा माणूस दीड मीटर पाईपच्या टोकावर उभा राहिला तर नटावर नव्वद किलोग्रॅम-मीटर एवढा पीळ पडतो. जीपच्या चार सुती स्टडला कंपनीनं सांगितलेला पीळ साधारण दहा-बारा किलोग्रॅम-मीटर असतो. मग स्टड तुटला तर त्यात नवल काय? जोर शेवटी लागतोच, पण त्याच्याआधी गंज फोडायचा, तेल आत पोचवायचं आणि थांबायचं. यातलं थांबणं आपल्या लोकांना सगळ्यांत जड जातं.

पण तेलाच्याही आधी पाना. पाना बरोबर नसेल तर पहिल्याच झटक्याला नटाचे कोपरे जातात, नट गोल होतो आणि दुपारचं काम आठवड्याचं होऊन बसतं. आपल्या भागात या बाबतीत मोठी खिचडी आहे. पिंपरी-चिंचवडला टेल्कोचे ट्रक, आकुर्डीला बजाजच्या स्कूटर आणि बजाज टेम्पोच्या गाड्या निघू लागल्या. टेल्कोचा करार १९५४ ते १९६९ जर्मनीच्या डेमलर-बेंझशी होता. टेम्पोचं मूळ हँबुर्गचं, आणि तीनचाकी हॅन्सीट इतकी चालली की कोणत्याही मालवाहू छोट्या गाडीला आपण टेम्पोच म्हणू लागलो. १९६९ मध्ये मॅटाडोर आली. बजाजची स्कूटर इटलीच्या व्हेस्पाच्या परवान्यावर निघायची, परवाना १९७१ मध्ये संपला आणि १९७२ पासून चेतक आली. हे सगळं जर्मन-इटालियन वळणाचं, म्हणजे मिलिमीटरचं काम. पण त्याच सभासदाच्या दारात जुनी जीप असते तिचे नट इंचाचे. जुना फर्ग्युसन ट्रॅक्टर असतो, त्याचेही इंचाचे. पाने मात्र घरात एकाच पिशवीत, सुताचे आणि एमएमचे मिसळलेले.

काही माप जुळतात. सहा सुती नटाला, म्हणजे पाऊण इंचाला, १९ चा पाना जवळजवळ बरोबर बसतो, कारण पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. पाच सुतीला १६ चा चालतो. पण चार सुती म्हणजे १२.७, त्याला १३ चा पाना ढिला बसतो. साध्या नटाला खपून जातं, जाम नटाला नाही. साडेचार सुती म्हणजे १४.२९, त्याला १४ चा जात नाही आणि १५ चा लावला की कोपरे गेलेच. म्हणून जाम नटाला त्याच्याच मापाचा पाना, आणि तोही फिक्स पाना नाही. रिंग पाना किंवा गोटी, शक्यतो सहा कोनी. बारा कोनी गोटी कोपऱ्यांवर धरते, सहा कोनी सपाट बाजूंवर धरते. गंजानं नट झिजून बारीक झाला असेल तर अर्ध्या मापानं लहान गोटी हातोड्यानं ठोकून बसवावी. पाईप पाना शेवटचा, तो नटाला चावतो आणि मग दुसरा कोणताही पाना त्यावर बसत नाही.

तेलाचं काम आदल्या संध्याकाळीच सुरू करावं. तारेचा ब्रश मारून नट आणि बाहेर आलेले आटे स्वच्छ करायचे, माती-रंग उडवायचा. नाहीतर तेल मातीच पिऊन टाकतं. बाजारात गंज सोडवणारं फवाऱ्याचं तेल मिळतं, ते चांगलं. ते नसेल तर डिझेल. पूर्वी सगळे रॉकेल वापरायचे, ते आता घरोघरी राहिलं नाही. काही फिटर पॉवर स्टिअरिंगचं लाल तेल आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं घेऊन बाटलीत हलवून वापरतात. ते फार पातळ होतं आणि झिरपतं चांगलं, पण अ‍ॅसिटोन पेट्रोलसारखं भडकतं. बिडी पेटवून ते मिश्रण हातात घेऊ नये. थोडं उभं राहिलं की ते वेगळं होतं, म्हणून दर वेळी हलवायचं.

तेल सोडलं की नटाच्या डोक्यावर आणि बाजूंवर हातोडीनं टकटक करायची. घणानं नाही, अर्ध्या-पाऊण किलोच्या हातोडीनं. नटाच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून दुसऱ्या बाजूनं मारलं तर आणखी चांगलं, नट किंचित पसरतो, गंजाला तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. आट्यांवर मात्र मारू नये, त्यांचा मश्रूम होतो आणि नट बाहेरच येत नाही. टोकावर मारायचंच असेल तर जुना नट टोकाच्या बरोबरीनं चढवून त्यावर मारावं. हे संध्याकाळी एकदा, जेवणानंतर एकदा, सकाळी उठल्यावर एकदा. प्रत्येक वेळी तेल, ठोकणं, आणि सोडून देणं.

सकाळी पाना लावायचा तो चाक जमिनीवर असताना. जॅकवर चाक उचलून मग जोर लावला तर गाडी जॅकवरून ढकलली जाते. आणि सोडवायच्या आधी नट एक केसभर घट्ट करायचा. हे ऐकून लोक हसतात, पण पुष्कळदा गंजाचा पहिला तडा त्या दिशेनं जातो. नट किंचितही हलला की आपण जिंकलो, पण तिथंच घाई करू नये. पाव आटा सोडवायचा, परत घालायचा, तेल, पुन्हा अर्धा आटा. नट करकर वाजू लागला किंवा पुन्हा जड झाला तर लगेच मागं फिरवायचा. आट्यांमधला गंजाचा चुरा पुढं साचतो आणि पाचरीसारखा अडकतो, तो मागं-पुढं करून बाहेर काढावा लागतो. सरळ ओढत नेला की शेवटच्या तीन आट्यांवर स्टड तुटतो, आणि माणूस म्हणतो, "सुटत आला होता हो!"

टायरपासून लांबच्या नटांना, म्हणजे कमानीचे यू-बोल्ट, ट्रॉलीच्या चासीचे बोल्ट, हूकचे बोल्ट, यांना उष्णता देता येते आणि तिच्याइतका दुसरा उपाय नाही. तापवायचा तो नट, बोल्ट नाही. बावीस एमएम आट्याचा नट बोल्टपेक्षा तीनशे अंशांनी जास्त तापला तर त्याचं भोक साधारण ०.०८ मिलिमीटरनं मोठं होतं. डोक्यावरच्या एका केसाएवढं. पण गंजाची पकड सुटायला तेवढं पुरतं. म्हणून ज्योत नटाच्या बाजूंवर फिरती ठेवायची, लवकर तापवायचं आणि बोल्ट तापायच्या आत पाना लावायचा. नट लालभडक करायची गरज बहुधा पडत नाही. ज्योत बाजूला केल्यावर गरम नटाच्या कडेला मेणबत्ती टेकवली तर मेण वितळून आट्यांत ओढलं जातं. मामांच्या पिशवीत दोन मेणबत्त्या कायम असतात, आम्ही आधी समजत होतो लाइट जाते म्हणून.

उष्णतेपूर्वी आजूबाजूला काय आहे ते बघावं. फवाऱ्याचं तेल मारलं असेल तर आधी पुसावं, ते पेटतं. डिझेलची टाकी, ब्रेकची नळी, हायड्रॉलिकचा पाईप, रबरी बुश यांच्याजवळ ज्योत नको. चांदीसारखा चकाकणारा जस्त चढवलेला नट असेल तर त्याचा धूर छातीला वाईट, ताप भरतो. चासीवर वेल्डिंग करायचं तर बॅटरीची तार आधी सोडावी, नाहीतर अल्टरनेटर जातो. आणि बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असेल तर तो कडक पोलादाचा बोल्ट आहे. एकदा लाल झाला की त्याची ताकद जाते. सुटला तरी पुन्हा वापरू नये, नवा घालावा, आणि त्याच आकड्याचा.

स्कूटर आणि मोटारसायकलच्या इंजिनांचा प्रकार वेगळा. केसिंग अ‍ॅल्युमिनियमचं, बोल्ट पोलादाचा. दोन धातूंमध्ये ओल राहिली की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं आणि पांढरी पूड आट्यांत गच्च बसते. इथं मात्र बोल्ट नाही, भोवतालचं केसिंग तापवायचं. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे भोक बोल्टपेक्षा जास्त मोठं होतं. त्यासाठी गॅस लागत नाही. किटलीभर उकळतं पाणी हळूहळू ओतलं तरी पुष्कळदा काम होतं. गॅसनं केसिंग वाकवून बसलेले लोक आम्हाला माहीत आहेत.

आता चाकाच्या नटाकडे परत येऊ, जिथं तापवायला मनाई आहे. तेल दिलं, ठोकलं, दोन दिवस थांबलो, दिशाही बरोबर आहे, तरी हलत नाही. मग नटाची आशा सोडावी. नट स्वस्त, माणूस महाग. ट्रकवाल्यांकडे नट सोडवायचं गिअरचं हँडल असतं, ते मिळालं तर एका माणसाच्या हातानं, न उड्या मारता, सरळ आणि सावकाश जोर देता येतो, ते आधी करून पाहावं. नाहीतर हात ग्राइंडरनं नटाची एक सपाट बाजू, स्टडच्या लांबीच्या दिशेनं, कापत न्यायची. आट्यांपर्यंत पोचायच्या जरा अलीकडे थांबायचं. मग त्या खाचेत धारदार छिन्नी ठेवून एक जोरदार ठोका. नट उकलतो आणि हातानं निघतो, बहुतेक वेळा स्टडचे आटेही वाचतात. कापताना टायर आणि रिम ओल्या गोणपाटानं झाकावेत, ठिणग्या रबरावर पडू देऊ नयेत, एकसारखं कापत न राहता मध्ये मध्ये थांबून धातू हातानं चाचपावा. डोळ्यांना चष्मा. छिन्नीचं डोकं फुटून फुलं आलेली असतील तर ते आधी घासून घ्यावं, त्याचाच तुकडा डोळ्यात जातो. चाकाखाली लाकडी ठोकळे. वीट नाही, वीट एकदम फुटते.

स्टड तुटलाच तर चाकाच्या बाबतीत रडू नये. बहुतेक हबला स्टड मागून ठोकून बसवलेले असतात. हब काढला की मागं ठोकून निघतात आणि नवे घालता येतात. तुटलेला स्टड वेल्डिंगनं जोडून ट्रॉली दहा टन ऊस घेऊन रस्त्यावर आणणारे लोक आहेत. तळेगाव-चाकण रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्या, कंटेनर आणि मोटारसायकलवरचे कामगार यांच्यामधून आपल्या ट्रॉल्या जातात. तिथं चाक निखळलं तर ते आपल्या शेतात पडत नाही.

इंजिनात किंवा चासीत बोल्ट पृष्ठभागाच्या बरोबरीनं तुटला तर त्यावर मोठा नट ठेवून आतून वेल्डिंग करावं. वेल्डिंगच्या उष्णतेनं गंजही फुटतो आणि पाना लावायला डोकंही मिळतं. एकदा जमत नाही, तिसऱ्या-चौथ्या वेळी जमतं. भोक पाडून उलट्या आट्याचा काढणी स्क्रू घालायची पद्धत आहे, पण तो स्क्रू काचेसारखा कडक असतो. आत तुटला तर त्याला ड्रिलही लागत नाही. हे काम भोसरीच्या एखाद्या जाणत्या कारागिराकडे द्यावं हे बरं. ब्रेकच्या हवा काढायच्या निपलबद्दल तर आम्ही स्वतःच हात लावत नाही. ते पोकळ असतं, थोड्याशा पिळानं तुटतं.

आता आपल्या घरचा एक उपाय. सुटून निघालेले, पण गंजानं खाल्लेले लोखंडी भाग, हूक, पिना, साखळ्या, यू-बोल्ट, स्वच्छ करायला मळी उत्तम. एक भाग मळी आणि नऊ-दहा भाग पाणी एका पिंपात घालून त्यात भाग बुडवून ठेवायचे. मळीतली द्रव्यं गंजातलं लोखंड धरून विरघळवतात आणि चांगलं लोखंड फारसं खात नाहीत. हे काम सावकाश चालतं, आठवडा ते दोन आठवडे लागतात. वास येतो, फेस येतो, माश्या येतात, म्हणून पिंप घरापासून लांब आणि झाकलेलं असावं, गुरांनी तोंड घालू नये. अ‍ॅल्युमिनियम आणि जस्ताचे भाग यात घालू नयेत, ते खराब होतात. बेअरिंगही नाही. भाग काढल्यावर पाण्यानं धुऊन, उन्हात सुकवून लगेच तेल लावायचं, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस होतात. मळीवर सरकारी नियंत्रण असतं, ती कारखान्यातून डबा भरून नेता येत नाही हे सभासदांना ठाऊक आहेच. तेव्हा त्यासाठी गेटवर हुज्जत घालू नये, परवानगीनं मिळणारी पशुखाद्याची मळी वापरावी.

परत जोडणी करताना दोन गोष्टी. पहिली, आटे. जीपचा चार सुती नट आणि १२ एमएमचा स्टड यांच्या आट्यांचं अंतर जवळजवळ सारखं असतं, एकाचं १.२७ तर दुसऱ्याचं १.२५ मिलिमीटर. त्यामुळे इंचाचा नट एमएमच्या स्टडवर हातानं छान फिरतो, बसल्यासारखा वाटतो आणि भार आला की आट्यांसकट निघून येतो. पिशवीतला सापडेल तो नट चाकाला लावू नये. नवा नट हातानं फिरवताना डगडगत असेल तर तो त्या स्टडचा नाही. दुसरी गोष्ट, ग्रीस. चासीच्या आणि कमानीच्या बोल्टांना आट्यांवर ग्रीस किंवा तांब्याची पेस्ट लावली तर पुढच्या वर्षी हा लेख वाचावा लागणार नाही. पण चाकाच्या नटाला, गाडीच्या पुस्तकात सांगितलं नसेल तर, ग्रीस लावू नये. निसरड्या आट्यांवर त्याच पिळात नट फार जास्त ओढला जातो आणि स्टड ताणला जातो. आटे ब्रशनं स्वच्छ, कोरडे, नटाची आणि रिमची टेकणारी बाजू गंज-रंग काढून साफ, एवढं पुरे. नट समोरासमोरचे आळीपाळीनं आवळायचे. पहिली भरलेली खेप झाली की वजनकाट्यावर नंबर लागेपर्यंत वेळ असतोच, तेव्हा एकदा पाना फिरवून पाहायचा. नवा स्टड घातला असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा.

त्या सभासदांच्या ट्रॉलीचा तिसरा नट उजवीकडे फिरवल्यावर, रात्रभर तेलात ठेवून, दुसऱ्या दिवशी दोन फुटी टॉमीवर सुटला. पोरगाच सोडवत होता, मामा नुसते उभे होते. मुलाला आता मोरवाडीच्या आयटीआयला घातला आहे असं वडील सांगत होते.

यंदा ट्रॉली तपासणीला आणताना ज्या चाकाचा नट जाम आहे त्यावर खडूनं खूण करून आणावी. तेल दोन दिवस आधीपासून घरीच सोडावं, आमच्याकडे आल्यावर थांबायला वेळ नसतो. अ‍ॅक्सल भंगारातला असेल तर तसं सांगावं, लाजू नये. आणि जॅकसोबत दोन लाकडी ठोकळे आपले आपण आणावेत, आमचे मागल्या हंगामात कोणीतरी नेले ते अजून परत आलेले नाहीत.